सालदाराच्या आजारपणाचा खाडा कोणाच्या माथी?

पाडवा आला की आपल्या भागात साल ठरते. रक्कम किती, धान्य किती, उचल किती, सारे चार माणसांत पक्के होते. एक गोष्ट मात्र कोणी काढत नाही. भर डवरणीच्या दिवसांत सालदार तापाने फणफणला, आठ दिवस खाटेवर पडला, तर त्या दिवसांचे काय? बहुतेक ठिकाणी ते खाडे म्हणून मांडतात अन् हिशेबाच्या दिवशी कापतात. म्हणून तो ताप अंगावर काढतो, पंप पाठीवर घेतो. दुखणे वाढले की दवाखान्यासाठी पुन्हा उचल, अन् पुढचे सालही त्यातच गुंतते.

शेतकरी बंधूंनो, आजारपणात मजुरी मिळावी हा विचार बाहेरून आलेला नाही. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. सारी माणसे एकाच निर्मिकाची लेकरे, ही त्याची श्रद्धा. त्याच समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या वतीने मागण्यांचा अर्ज तयार झाला. त्यात आठवड्याची सुटी होती, दुपारची अर्धा तास विश्रांती होती. आणि हेही होते, की कामावर जबर इजा झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा. कायमचा अधू झाला तर पोटापाण्याची सोय व्हावी.

रविवारची सुटी गिरणी मालकांनी १० जून १८९० रोजी मान्य केली. आजारपणाच्या पगाराला मात्र १९४८ च्या राज्य विमा कायद्याची वाट पाहावी लागली. त्या योजनेत विमा असलेल्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सुमारे ७० टक्के मजुरी मिळते.

पण मेख पुढेच आहे. हंगामी कारखाने या योजनेबाहेर ठेवले गेले, अन् त्यांच्या यादीत कापसाचे जिनिंग-प्रेसिंग नावानिशी आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती सूट कायम ठेवली. म्हणजे आपला कापूस पिकवणारा सालदार बाहेर, अन् तो पिंजणारा हंगामी मजूरही बाहेर!

तुम्ही म्हणाल, कापसाला भाव नाही, आम्हीच कर्जात; बसून मजुरी कुठून द्यायची? प्रश्न खरा आहे. पण हिशेब करून पाहा. ३६५ दिवसांच्या सालात सात दिवस म्हणजे शंभरातले दोनसुद्धा होत नाहीत. तेवढे दिवस बिनखाड्याचे, हे पाडव्यालाच ठरवून वहीत लिहिता येईल.

त्यापुढच्या लांब दुखण्याला गावाचा हात लागेल. अमेरिकेत पगारी आजारी रजेसाठी चर्च अन् सिनेगॉगची मंडळी कामगारांबरोबर उभी राहिली. २०११ साली कनेक्टिकट राज्याने तसा कायदा केला. आपल्याकडे तर गावोगाव भजनी मंडळे आहेत, गुरुदेव सेवा मंडळे आहेत, बुद्धविहार आहेत, मशिदी आहेत. राष्ट्रसंतांनी ग्रामगीतेत श्रमाला स्वतंत्र अध्याय दिला. तो वाचून हात जोडले, आता हात पुढे करावा. सुगीत घरटी थोडे धान्य जमवले तरी आजारी मजुराची चूल पेटती राहील.

सरपंच, पोलिसपाटील यांनी येत्या पाडव्याआधी हा विषय ग्रामसभेत मांडावा. साल ठरताना चार माणसे बसतातच. त्यांनी एक ओळ जास्त लिहायची आहे.