फायर अलार्म ऐकू यायला हवा, तसा दिसायलाही हवा

१८ मे २०२५ च्या पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली. आठ जणांचा जीव गेला. मालकाचं कुटुंब आणि कामगार, दोघंही त्यात होते. कारखान्यातच मुक्काम ही रीत भिवंडी-मालेगावातही आपल्या ओळखीची आहे. अशा ठिकाणी झोपेत आग लागली तर उठवणार कोण?

हे काम फायर अलार्मचं. डिटेक्टरला धुराचा सुगावा लागतो, किंवा कुणीतरी भिंतीवरचा लाल डबा दाबतं. संदेश पॅनेलला जातो आणि पॅनेल हूटर वाजवतं. पण हूटर वाजला म्हणजे तो सगळ्यांना ऐकू गेला, असं नाही.

आधी आवाजाचं पाहू. हूटर किमान ६५ डेसिबल, किंवा आसपासच्या गोंगाटापेक्षा ५ डेसिबल जास्त ऐकू यावा, असं भारतीय मानक आयएस २१८९ सांगतं. लोक झोपत असतील तिथे उशीपाशी ७५ डेसिबल हवेत. जिन्यातला हूटर जिन्यात कितीही कर्कश वाटला, तरी खोलीचं दार बंद केलं की त्याचा जोर कमी होतो. शिवाय वय झालं की कान आधी बारीक, तीव्र आवाज गमावतात, आणि नेहमीचा अलार्म नेमका तसाच असतो. म्हणून अमेरिकेच्या मानकात झोपण्याच्या खोल्यांसाठी ५२० हर्ट्झचा जाडसर आवाज सांगितला आहे.

आता उजेडाचं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी हूटर असून नसल्यासारखा. लूमच्या खडखडाटात तर चांगल्या कानांचीही तीच गत होते. अशा ठिकाणी हूटरसोबत लुकलुकणारा दिवा, म्हणजे फ्लॅशर किंवा स्ट्रोब, लावतात. तो सेकंदाला साधारण एक-दोनदा चमकतो. एका हॉलमध्ये अनेक दिवे असतील तर ते एकाच वेळी चमकायला हवेत. मागेपुढे चमकले तर मिरगीच्या रुग्णाला झटका येऊ शकतो. कर्णबधिर माणूस गाढ झोपेत असेल तर उशीखाली ठेवायचं, अलार्मला जोडलेलं थरथरणारं यंत्रही मिळतं.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. सोसायटी, शादी हॉल, मदरशाचं वसतिगृह, कारखाना, जिथे आपला शब्द चालतो तिथे हा कागद मागून पाहावा.

पण नुसत्या कागदावर थांबू नये. सगळ्यांना आधी कळवून एकदा हूटर वाजवून बघा. खोलीचं दार बंद, पंखा चालू, कारखान्यात मशिनी चालू, आणि तेव्हा काय ऐकू येतं ते तपासा. वीज बंद करूनही वाजवा, म्हणजे बॅटरी कळेल. इमारतीत कमी ऐकू येणारे आजी-आजोबा किंवा मूकबधिर मूल असेल, तर त्यांना कोण उठवणार हे आजच नावानिशी ठरवा.

आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा: अलार्म वाजला किंवा चमकला की लिफ्ट नाही, सामान नाही. जिन्याने आधी बाहेर, मग १०१ ला फोन.