जुना स्लेव्ह अ‍ॅम्प जोडताना

स्लेव्ह अ‍ॅम्पला स्वतःचा प्रीअ‍ॅम्प नसतो. आलेला सिग्नल तो फक्त मोठा करतो.

■ इनपुट : गिटार थेट लावू नका. पेडल-प्रीअ‍ॅम्प किंवा पहिल्या अ‍ॅम्पचा लाइन-आउट जोडा. स्पीकर-आउट कधीच नको.

■ स्पीकर : व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकरविना वाजवला, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ओहम जुळवा.

■ मंडपातला अ‍ॅम्प : गणेशोत्सवातला जुना अहुजा स्लेव्ह म्हणून वापरताना कॅबिनेट ४, ८ किंवा १६ ओहमच्या टर्मिनललाच जोडा. १०० व्होल्टचे टर्मिनल भोंग्यांच्या लांब लाइनसाठी असते.

■ दुरुस्ती : जुने फिल्टर कपॅसिटर आधी बदलून घ्या. सुटे भाग पुण्यातल्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या परिसरात शोधा. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज साठून राहतो. काम जाणकार मेकॅनिककडेच द्या.