उन्हाळी नगरपर्यटन आणि निवासस्थानाची निवड : मुंबई शहराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

उन्हाळी सुटी आणि प्रवास यांचे नाते महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबात दृढ झालेले आहे. शाळा-महाविद्यालयांच्या परीक्षा संपल्या की विदर्भ, मराठवाडा, खानदेश व पश्चिम महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे तीन-चार दिवसांसाठी मुंबईदर्शनास येतात. अशा अल्पकालीन सहलीच्या खर्चात निवासाचा वाटा मोठा असतो आणि सहलीचे यशापयशही बरेचसे निवासावरच अवलंबून राहते. तरीही हॉटेलची निवड बहुधा केवळ खोलीचे भाडे पाहून केली जाते. निवासाचे स्थान, प्रवासाचा वेळ, कुटुंबातील वृद्धांची व बालकांची शारीरिक क्षमता आणि ऋतुमान या घटकांचा एकत्रित विचार अभावानेच होतो. प्रस्तुत लेखात या घटकांचे विवेचन मुंबईच्या संदर्भात केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे सुरू झाली आणि मुंबईत बाहेरगावाहून येणाऱ्यांची संख्या वाढत गेली. न्यायालये, बाजारपेठा व कचेऱ्या दक्षिण मुंबईत एकवटल्या असल्याने उतारूंच्या निवासाची सोयही त्याच परिसरात विकसित झाली. क्रॉफर्ड मार्केटजवळील सरदारगृह हे याचे ठळक उदाहरण होय. लोकमान्य टिळक मुंबईत आले असता तेथे उतरत असत व १ ऑगस्ट १९२० रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. स्थानक, मंडई आणि कामाचे ठिकाण पायी गाठता यावे, हेच अशा निवासगृहांचे मुख्य बलस्थान होते. आजच्या पर्यटकाच्या दृष्टीनेही हे तत्त्व कालबाह्य झालेले नाही.

स्थाननिश्चितीचे निकष

मुंबई ही दक्षिणोत्तर पसरलेली चिंचोळी नगरी आहे. त्यामुळे ‘मुंबईत हॉटेल’ हा शब्दप्रयोग पुरेसा ठरत नाही. प्रथम प्रेक्षणीय स्थळांची यादी करून ती कोणत्या भागात एकवटली आहेत, हे पाहावे लागते. गेटवे ऑफ इंडिया, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जहांगीर कलादालन, मरीन ड्राइव्ह आणि घारापुरीला जाणाऱ्या बोटींचा धक्का ही सर्व स्थळे फोर्ट-कुलाबा परिसरात किंवा त्यालगत आहेत. राणीची बाग व डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय भायखळ्यास, तर सिद्धिविनायक मंदिर प्रभादेवीस आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान व कान्हेरी लेणी मात्र बोरिवलीच्या बाजूस आहेत. यादीतील बहुसंख्य स्थळे दक्षिणेस असतील, तर उत्तरेकडील उपनगरात उतरणे सोयीचे ठरत नाही.

दुसरा निकष रेल्वेमार्गाचा. पश्चिम रेल्वेची उपनगरी सेवा चर्चगेटपासून, तर मध्य व हार्बर मार्गाची सेवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुरू होते. मध्य व पश्चिम हे दोन्ही मार्ग दादर येथे एकमेकांस मिळतात. टर्मिनसपासून सुमारे ९ किलोमीटर अंतरावरील दादर हे त्यामुळे मध्यम पर्याय ठरते. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णपणे खुली झाली. विमानतळ, दादर, सिद्धिविनायक, गिरगाव, टर्मिनस व चर्चगेट ही ठिकाणे तिने जोडली आहेत. परिणामी गिरगाव, काळबादेवी व ग्रँट रोड येथील जुनी, तुलनेने स्वस्त लॉजेसही आता विचारात घेण्याजोगी झाली आहेत.

तिसरा निकष स्थानकाच्या बाजूचा आहे. मुंबईत ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ हे शब्द पत्त्याचा अविभाज्य भाग असतात. नकाशावर स्थानकापासून जवळ दिसणारे हॉटेल रुळांच्या पलीकडे असल्यास सामानासह पूल चढून-उतरून जावे लागते. ‘स्थानकापासून पाच मिनिटे’ या जाहिरातीतील पाच मिनिटे पायी की वाहनाने, हेही विचारून घेणे आवश्यक असते. शिवाय शहराच्या दक्षिण भागात रिक्षांना परवानगी नसून तेथे टॅक्सी किंवा बस यांवर अवलंबून राहावे लागते.

खर्चाचे वास्तविक गणित

खोलीचे भाडे आणि निवासाचा वास्तविक खर्च या दोन भिन्न बाबी आहेत. स्पष्टीकरणासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. आई, वडील, महाविद्यालयात शिकणारी मुलगी आणि आजी असे चौघांचे कुटुंब तीन रात्री राहणार आहे. अतिरिक्त गादीसह टर्मिनसजवळील खोली प्रतिदिन ३,००० रुपयांना, तर ठाणे स्थानकाजवळील खोली २,००० रुपयांना मिळते, असे मानू. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रतिदिन ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. करासह पहिल्या पर्यायाचा खर्च ९,४५० रुपये, तर दुसऱ्याचा ६,३०० रुपये होतो. वरकरणी ३,१५० रुपयांची बचत दिसते.

ठाणे ते टर्मिनस हे अंतर ३४ किलोमीटर असून लोकलचे साधे द्वितीय श्रेणीचे भाडे १५ रुपये आहे. चौघांचे जाण्या-येण्याचे तीन दिवसांचे भाडे ३६० रुपयेच होते. म्हणजे लोकलने प्रवास शक्य असल्यास दूरचे हॉटेल पैशाच्या दृष्टीने स्वस्तच पडते. किंमत मोजावी लागते ती वेळेच्या रूपाने. एका फेरीस पाऊण ते एक तास धरल्यास रोजचे दोन तास गाडीत जातात. परंतु सायंकाळच्या गर्दीत गुडघेदुखीने त्रस्त आजीला लोकलमध्ये चढवणे शक्य न झाल्यास चित्र पालटते. परतीसाठी रोज टॅक्सी केली व तिचे भाडे ९०० रुपये मानले, तर तीन दिवसांचे २,७०० आणि सकाळच्या लोकलचे १८० मिळून २,८८० रुपये होतात. मूळ बचतीतून उरतात अवघे २७० रुपये. शिवाय दुपारी खोलीवर येऊन विश्रांती घेण्याची सोय उरत नाही, ती वेगळीच.

यावरून असे दिसते की, गर्दीच्या वेळा टाळू शकणाऱ्या तरुणांस उपनगरातील निवास लाभदायक ठरतो, तर वृद्ध व बालके सोबत असलेल्या कुटुंबास जवळचा निवास परवडतो.

ऋतुमानाचा विचार

मे महिन्यात मुंबईचे सरासरी कमाल तापमान सुमारे ३३ अंश सेल्सिअस असते. विदर्भातील पर्यटकास हा आकडा सौम्य वाटतो. मात्र हवेतील आर्द्रतेमुळे घाम वाळत नाही व थकवा लवकर येतो. म्हणून सकाळी व सायंकाळी भ्रमंती आणि दुपारी विश्रांती अशी आखणी हितावह ठरते. ती जवळच्या निवासामुळेच साध्य होते. खोलीस उघडणारी खिडकी आहे का, वातानुकूलन यंत्र दिवसभर चालू ठेवता येते का, याची खात्री करावी. पावसाचेही भान ठेवावे लागते. मुंबईत मोसमी पाऊस साधारणतः ११ जूनच्या सुमारास येतो. परंतु २०२५ साली तो २६ मे रोजीच दाखल झाला. समुद्र खवळल्यास घारापुरीच्या बोटी थांबतात. म्हणून मेअखेरच्या सहलीसाठी आरक्षण रद्द करण्याच्या अटी आधीच वाचणे श्रेयस्कर.

आरक्षणपूर्व चौकशी

आरक्षणापूर्वी दूरध्वनीवरून पुढील बाबी स्पष्ट करून घ्याव्यात :

१) खोलीचा दिवस दुपारी बारापासून मोजला जातो की प्रवेशापासून चोवीस तास? विदर्भ किंवा महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी उतरणाऱ्यांसाठी हा प्रश्न कळीचा आहे. खोली उशिरा मिळणार असल्यास सामान ठेवण्याची सोय विचारावी.

२) सांगितलेले भाडे करासह आहे काय? अतिरिक्त गादीचे किती?

३) उद्वाहन आहे काय? जुन्या इमारतींत जिने उंच असतात.

४) शौचालय खोलीस जोडून व कोणत्या पद्धतीचे आहे?

५) ओळखपत्रे कोणाकोणाची व कोणती लागतील?

सेवा शुल्क बिलात सक्तीने लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजीच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले असून दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. रेल्वेचे निश्चित तिकीट असणाऱ्यांस टर्मिनसमधील विश्रांतीकक्षाचा पर्यायही उपलब्ध असतो. मात्र तेथील खोल्या मर्यादित असल्याने आरक्षण लवकर करणे इष्ट. महाजालावरील अभिप्राय वाचताना अतिस्तुती व अतिनिंदा बाजूस ठेवून अलीकडच्या काही महिन्यांतील मध्यम स्वरूपाचे अभिप्राय पाहावेत. पाणी, स्वच्छता व गोंगाट यांविषयीची तक्रार पुनःपुन्हा आढळल्यास ती ग्राह्य धरावी.

वारांचेही गणित जुळवावे लागते. घारापुरी व कान्हेरी लेणी सोमवारी, तर राणीची बाग बुधवारी बंद असते. रविवारी रेल्वेच्या मेगाब्लॉकमुळे लोकल विस्कळीत होतात. त्या दिवशी पायी गाठता येतील अशी स्थळे पाहावीत.

समारोप

परवडणारे हॉटेल म्हणजे सर्वांत कमी भाड्याचे हॉटेल नव्हे. भाडे, कर, प्रवासखर्च, वेळ आणि कुटुंबातील सर्वांत अशक्त व्यक्तीची सोय या पाचही बाबींच्या बेरजेत जे उजवे ठरते, तेच खऱ्या अर्थाने परवडते. वर्षभर काटकसरीने साठविलेल्या पैशातून होणाऱ्या सहलीत आजीला केवळ अंतरामुळे खोलीवर बसून राहावे लागले, तर ती बचत कुटुंबाला महागात पडते. म्हणून आधी स्थळे, मग मार्ग, त्यानंतर परिसर आणि सर्वांत शेवटी भाडे, असा निवडीचा क्रम ठेवणे युक्त होय.