जपानी भाषेचे अध्ययन व प्रवासातील उपयोजन : पिंपरी-चिंचवड परिसराच्या संदर्भात

चाकण येथे ब्रिजस्टोन या जपानी कंपनीचा टायरनिर्मिती प्रकल्प आहे. अशा उद्योगांमुळे पिंपरी-चिंचवड परिसरातील विद्यार्थ्यांना जपानी शिकण्याची प्रेरणा मिळते. मराठीप्रमाणेच जपानीतही क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते. प्रश्नार्थक ‘का’सुद्धा योगायोगाने दोन्ही भाषांत वाक्यान्तीच येतो. त्यामुळे वाक्यरचना मराठी भाषकास तुलनेने सुलभ ठरते. मात्र ‘एन-5’ ते ‘एन-1’ या पाच स्तरांच्या जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेत शब्दसंपत्ती, व्याकरण, वाचन व श्रवण यांचीच चाचणी होते. संभाषणाची होत नाही. परिणामी, प्रमाणपत्रधारकास जपानमधील रेल्वे स्थानकावर फलाट विचारता येईलच असे नाही. म्हणून महाविद्यालयीन अभ्यासक्रमात मार्गविचारणा, तिकीटखरेदी व उपाहारगृहातील संवाद यांचा मौखिक सराव आणि त्याचे अंतर्गत मूल्यमापन यांचा अंतर्भाव होणे आवश्यक ठरते.