खाच

१९९९ सालची गोष्ट. मी तेव्हा एका रुग्णालयात पॅथॉलॉजिस्ट होते. आमच्याकडे रुग्ण येत नाही, त्याचा तुकडा येतो, फॉर्मालिनच्या बरणीत. पण तासगावकडच्या एक आजी जिना चुकून थेट माझ्या खोलीत आल्या. मागे सून. सूनच म्हणाली, "सहा महिनं अंगावर जातंय, आता सांगत्यात." आजी बासष्टच्या. पाळी जाऊन बारा वर्षं झालेली. सुनेला गप्प करत त्या हळूच म्हणाल्या, "परत शानी झाल्यागत वाटतंय ओ." आणि चक्क लाजल्या.

मी त्यांना खालच्या मजल्यावर स्त्रीरोग विभागात पोचवलं. चार दिवसांनी त्यांच्या गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा, म्हणजे क्युरेटिंग, माझ्या टेबलावर आला. बासष्टाव्या वर्षी हे अस्तर कागदासारखं पातळ असायला हवं. आजींचं जाडजूड होतं, ऐन तारुण्यातल्या बाईला लाजवील असं. कुठून तरी त्याला इस्ट्रोजेनचा खुराक मिळत होता. सोनोग्राफीत उजव्या बीजांडकोशात गाठ दिसली. पुढच्या आठवड्यात ती गाठही वर आली, नारळाएवढी, बाहेरून गुळगुळीत. सुरी फिरवली तर आत पिवळसर मांस आणि मधूनमधून जुन्या रक्ताने भरलेल्या पोकळ्या. ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर. आयुष्यातली माझी पहिली.

बीजांडकोशाच्या कॅन्सरांमध्ये या गाठीचा वाटा शंभरात दोन ते पाच. नेहमीचे कॅन्सर बीजांडकोशाच्या आवरणाशी किंवा बीजनलिकेशी नातं सांगतात. हा मात्र बीजाभोवती कडं करून बसलेल्या, बीजाला वाढवणाऱ्या पेशींचा. म्हणजे दाईच बिघडली. या पेशींचं कामच इस्ट्रोजेन बनवण्याचं, आणि कॅन्सर झाल्यावरही बऱ्याचदा त्या ते सोडत नाहीत. म्हणून पाळी गेलेल्या बाईला परत रक्त जातं. लहान मुलींमध्ये याचा वेगळा प्रकार होतो, तेव्हा शाळकरी वयातच छाती भरू लागते, पाळी येते. गर्भपिशवीच्या अस्तरावर सतत मारा झाल्याने काहींना तिथेही कॅन्सर होतो, म्हणून अस्तर तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. बीजांडकोशाच्या कॅन्सरसाठी सगळे धावून करतात ती सीए-१२५ ही रक्ततपासणी इथे फारशी उपयोगी नाही. या पेशी इन्हिबिन नावाचं संप्रेरक बनवतात, ते रक्तात मोजावं.

जाता जाता एक बोलते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्याचा विषय २०१९ साली गाजला. बाकीचं नुकसान सर्वांनी सांगितलं. मला मात्र ही गाठ आठवली. पिशवीच नसेल तर रक्त जाणार कुठून? राहिलेल्या बीजांडकोशात अशी गाठ झाली तर वर्दी देणारं कुणी उरत नाही.

आता माझ्या आवडीचं. सूक्ष्मदर्शकाखाली या गाठीच्या पेशीचं केंद्रक लांबट गोल दिसतं आणि त्याला मधोमध एक खाच असते. पुस्तकात लिहिलेलं असतं, कॉफीच्या बीसारखं. मी हे वाक्य विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं शिकवलं, आणि कॉफीची बी पहिल्यांदा पाहिली ती चिकमगळूरला, पन्नाशी उलटल्यावर! शिवाय काही गाठींत या पेशी एका चिमुकल्या गुलाबी थेंबाभोवती फेर धरतात, भोंडल्याला पोरी धरतात तसा. त्यांना कॉल-एक्सनर बॉडीज म्हणतात.

यातला कॉल म्हणजे कोणी दाढीवाला जर्मन प्राध्यापक असणार, असं मी निम्मं आयुष्य धरून चालले होते. निघाली एमा कॉल! मिशिगन विद्यापीठातून १८७३ साली डॉक्टर झालेली अमेरिकन मुलगी. ती व्हिएन्नाला गेली, जिथे विद्यापीठाने वैद्यकाचं दार बायकांना १९०० साली उघडलं. त्याच्या पाव शतक आधी, १८७५ साली, झिगमुंड एक्सनर यांच्याबरोबर सशाच्या बीजांडकोशावर तिने निबंध लिहिला आणि त्यात हे थेंब टिपले. कॅन्सरशी त्या दोघांचा संबंध नव्हता; निरोगी सशातलं दृश्य होतं ते. एक्सनर पुढे किड्यांच्या डोळ्यांवर काम करून नावाजले. मधमाश्यांच्या नाचाची भाषा उलगडून १९७३ साली नोबेल मिळवणारे कार्ल फॉन फ्रिश हे त्यांचे भाचे. एमाबाई बॉस्टनला परतल्या आणि बायका-मुलांच्या रुग्णालयात बाळंतपणं करत राहिल्या. १८८४ साली मॅसॅच्युसेट्स मेडिकल सोसायटीने त्यांना पहिली स्त्री सभासद करून घेतलं. त्याच वेळी तिकडे फिलाडेल्फियात आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टरकीचा अभ्यास करत होत्या. दोघींची भेट झाली असती तर काय बोलल्या असत्या, याचा विचार करत मी बऱ्याच कंटाळवाण्या मीटिंगा काढल्या आहेत.

खाच दिसली तरी प्रत्येक वेळी छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण दिसायला जवळच्या इतर गाठी आहेत. तो प्रश्न २००९ साली व्हँकूव्हरच्या संशोधकांनी बराच सोडवला. सोहराब शाह, डेव्हिड हंट्समन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या बायकांमधल्या चार गाठींचा जनुकीय मजकूर वाचला. चारही गाठींत फॉक्स-एल-२ या जनुकात नेमकी तीच चूक सापडली, ४०२ व्या जागी सी ऐवजी जी. मग आणखी ८९ गाठी तपासल्या, त्यातल्या ८६ मध्ये तेच. एवढ्या मोठ्या पोथीत एका अक्षराची चूक, आणि ती बहुतेक सगळ्यांत एकाच ठिकाणी. कॅन्सर सहसा इतका नेमस्त नसतो.

आणि हे जनुक माहीत होतं कुठून? निम्मं श्रेय शेळ्यांना. शिंगं नसलेली, म्हणजे भुंडी शेळी आणि भुंडा बोकड यांची जोडी लावली की काही पिल्लं गुणसूत्रांनी मादी असूनही नरासारखी वाढतात आणि भाकड राहतात. शेळ्या पाळणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक. २००१ साली फ्रेंच संशोधकांनी त्या शेळ्यांच्या डीएनएतला गहाळ तुकडा शोधला. तो गेला की शेजारचं फॉक्स-एल-२ मुकं होतं. त्याच वर्षी काही घराण्यांमध्ये पापण्या अरुंद, डोळे अर्धवट मिटलेले आणि बायकांची पाळी अकाली जाते, याचं मूळही त्याच जनुकात सापडलं. पुढे मोठ्या उंदरिणींच्या बीजांडकोशातून ते काढून टाकलं, तर ग्रॅन्युलोसा पेशी वृषणातल्या पेशींसारख्या वागू लागल्या. म्हणजे बीजांडकोशाला बीजांडकोश म्हणून टिकवण्याची राखणदारी हे जनुक जन्मभर करतं. शिंगं, पापण्या आणि पाळी एका दोरीत! मी हे घरी सांगितलं तेव्हा यजमान म्हणाले, जेवण वाढा आधी.

उपचारांवर लिहाच, असं संपादकांनी बजावलं आहे. मुख्य उपचार शस्त्रक्रिया. गाठ पोटात फुटू न देता अख्खी काढायची. फुटली तर आजाराची पायरीच वर चढते. मूल हवं असलेल्या तरुणीचा एकच बीजांडकोश आणि नलिका काढून भागतं, पाळी गेलेल्या बाईची पिशवी आणि दोन्ही बीजांडकोश काढतात. बहुतेकींचा आजार पहिल्या पायरीवरच सापडतो आणि त्यातल्या शंभरात नव्वदहून अधिक पाच वर्षांनी ठणठणीत असतात. पसरला किंवा उलटला तर पुन्हा शस्त्रक्रिया, केमोथेरपी, काहींना लेट्रोझोलसारख्या गोळ्या. झालं.

खरी मेख पाच वर्षांनंतर आहे. ही गाठ वीस-वीस, तीस-तीस वर्षांनीही परत येऊ शकते. तोवर डॉक्टर निवृत्त, कागद वाळवीने खाल्लेले, आणि बाईला एवढंच आठवतं की "एक साधी गाठ काढली होती." म्हणून जुन्या स्लाइड आणि गाठीचा तुकडा जपणारे मेणाचे ठोकळे टाकू नयेत यासाठी मी जन्मभर भांडले, आणि बहुतेक वेळा हरले.

२०१६ साली एका तरुण सहकाऱ्याने मला बोलावलं. एकोणऐंशी वर्षांच्या बाई, पोटात जडपणा, आत तीन गाठी, इन्हिबिन वाढलेलं. आतड्याचा कॅन्सर असेल का, असा घोळ चालला होता. नाव आणि गाव ऐकून मी उठलेच. रुग्णालयाने जुने ठोकळे कधीच रद्दीत काढले होते. पण विद्यार्थ्यांना दाखवायला म्हणून आजींची एक स्लाइड माझ्या लाकडी पेटीत होती. नव्या गाठीची स्लाइड शेजारी ठेवली. सतरा वर्षांचं अंतर, खाच तीच.

शस्त्रक्रियेनंतर पंधरा दिवसांनी नात त्यांना घेऊन वर आली. या वेळी जिना चुकला नव्हता, मुद्दाम चढल्या होत्या. "काय ते बगतीस एवढं, मलाबी दाव," म्हणाल्या. मी खुर्ची दिली, भिंग जुळवलं, कॉफीच्या बीबद्दल सांगितलं. एक डोळा मिटून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"कापीबिपी न्हाई," त्या म्हणाल्या, "गहू हाय ह्यो. पर खपली न्हवं. दाणा आखूड हाय."