एका खेळातून दुसरा खेळ : गारुड्याच्या जोडकामाचा विचार

मराठीत ‘गारूड’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक गारुड्याचा खेळ आणि दुसरा मनावर बसलेली मोहिनी. गायकाने मैफलीवर किंवा पुढाऱ्याने सभेवर गारूड केले, असे आपण सहज बोलून जातो. संत एकनाथांच्या भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी यांच्या पंगतीत गारुडीही आहे. एकनाथांचे पैठण गोदावरीच्या एका काठाला, तर पलीकडे अहिल्यानगर जिल्ह्यातला शेवगाव तालुका. त्याला लागून असलेल्या पाथर्डी तालुक्यात मढी आहे. कानिफनाथांची समाधी असलेले हे गाव ‘भटक्यांची पंढरी’ म्हणून ओळखले जाते. फाल्गुनातल्या यात्रेत इथे गाढवांचा बाजार भरतो. भटक्या जमातींच्या जातपंचायतीही इथे पिढ्यानपिढ्या बसत आल्या. रस्त्यावर खेळ करून पोट भरणाऱ्यांच्या वाटा ज्या गावी एकत्र येतात, तिथून गारुड्याच्या कलेचा विचार सुरू करणे रास्त ठरेल.

या कलेविषयी लिहिताना बहुधा ‘युक्ती काय?’ एवढाच प्रश्न विचारला जातो. टोपलीतला मुलगा कुठे गेला, वाटीखालची गोळी कशी नाहीशी झाली, वगैरे. पण सुटी युक्ती जाणणारा माणूस जादूगार होत नाही, जसा सुटे शब्द जाणणारा कवी होत नाही. एका खेळाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला कसा सांधला जातो, हा खरा प्रश्न आहे. या लेखात त्या सांध्याचाच विचार करायचा आहे.

आंब्याचे झाड

भारतीय गारुड्याचा सर्वांत नामांकित खेळ आंब्याचा. तो कोय मातीत पुरतो, पाणी शिंपडतो, वर कापड टाकतो. थोड्या वेळाने कापड उचलले की कोंब दिसतो, पुढच्या वेळी रोप आणि शेवटी फळ धरलेली फांदी. कंपनी सरकारच्या काळापासून युरोपीय प्रवाशांनी हा खेळ वारंवार लिहून ठेवला. त्या वर्णनांतून एक गोष्ट लक्षात येते. हा खेळ सलग होत नसे. कापड झाकून ठेवायचे आणि मधल्या वेळात वाट्या-गोळ्यांचा, दोरीचा किंवा आणखी कोणता खेळ करायचा, अशी त्याची रीत होती.

या रीतीमागे तीन कारणे दिसतात. झाड वाढायला वेळ लागतो, हे शेतकरी प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. मधला वेळ गेल्यामुळेच अशक्य गोष्ट मनाला पटण्याजोगी होते. दुसरे कारण असे की, लोक दुसऱ्या खेळाला हसत असताना कापडाकडे कोणी पाहत नाही, आणि पुढच्या टप्प्याची तयारी नेमकी तेव्हाच उरकता येते. तिसरे कारण पोटाचे आहे. झाडाला फळ लागलेले पाहिल्याशिवाय माणूस हलत नाही, त्यामुळे रिंगण टिकते. रस्त्यावर तिकीट नसते आणि शेवटचा खेळ झाला की गर्दी पांगते. म्हणून थाळी फिरते ती शेवटच्या खेळाच्या आधी.

या सर्वांना बांधणारा धागा म्हणजे उस्ताद आणि जमुरा यांचे बोलणे. जमुरा विसरतो, उलट बोलतो, उस्तादाची फजिती करतो. वरवर ही करमणूक असते, पण प्रत्यक्षात कुठल्या क्षणी लोकांनी कुठे पाहायचे हे त्या संवादातून ठरते. टाळी वाजते आणि हशा पिकतो, तेव्हा पाहणाऱ्याचा डोळा सैल पडतो. ‘खेळ संपला’ असे त्याला वाटते, आणि गारुडी तोवर पुढच्या खेळात शिरलेला असतो.

एक परिणाम, दोन वाटा

जोडकामाचा दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. वाट्या-गोळ्यांच्या खेळात गोळी पुन्हा पुन्हा नाहीशी होते. पहिल्या वेळी ती हातातच दडवलेली असते. प्रेक्षकाला हाताचा संशय येतो. दुसऱ्या वेळी गारुडी रिकामा हात उघडून दाखवतो, कारण या खेपेला गोळी आधीच वाटीखाली गेलेली असते. प्रेक्षक वाटीवर नजर रोखतो, तर तिसऱ्या वेळी गोळी जमुऱ्याच्या कानामागून निघते. प्रत्येक नवी युक्ती आधीच्या युक्तीवरचा संशय पुसून टाकते. सुटी पाहिली तर यातली प्रत्येक युक्ती उकलण्याजोगी असते. साखळीत ओवल्यावर त्या एकमेकींना झाकतात. स्पेनचे जादूगार हुआन तामारिझ यांनी आपल्या लेखनात हाच विचार मांडला आहे. प्रेक्षकाच्या मनात येऊ शकणारी प्रत्येक चुकीची उकल आधीच ओळखून ती वाट बंद करावी, असे त्यांचे म्हणणे.

रंगमंचावरचा लोटा

रस्त्यावरचा खेळ नाट्यगृहात गेला तेव्हा अडचणी बदलल्या. पुण्याचे जादूगार रघुवीर भोपळे यांनी महाराष्ट्रात या कलेला रंगमंचावर प्रतिष्ठा मिळवून दिली. पुत्र विजय आणि नातू जितेंद्र यांनी तो वारसा पुढे नेला. रंगमंचावर पेट्या, पडदे, दिवे, मदतनीस आले. एक पेटी जाऊन दुसरी येईपर्यंत प्रेक्षकाला धरून ठेवणे आवश्यक झाले.

भारतीय जादूगारांनी यावर काढलेला एक तोडगा म्हणजे ‘वॉटर ऑफ इंडिया’. जादूगार लोटा उपडा करून रिकामा करतो आणि बाजूला ठेवतो. एक खेळ होतो. जाता जाता तो पुन्हा लोटा उपडा करतो, पुन्हा पाणी! दर दोन खेळांच्या मध्ये हे होत राहते. पहिल्यांदा लोक गप्प असतात, तिसऱ्यांदा हसतात, पाचव्यांदा जादूगार लोट्याकडे वळण्याआधीच टाळ्या सुरू होतात. लोट्याची युक्ती हवेच्या दाबाची आहे, शाळेतल्या विज्ञानाएवढीच. तिचे मोल तिच्या जागेत आहे. एकमेकांशी संबंध नसलेले दहा खेळ त्या लोट्यामुळे एका संध्याकाळचा प्रयोग होतात.

सांधा कशाला जोडला?

इथवरचा सांधा एका खेळाला दुसऱ्या खेळाशी जोडतो. तोच सांधा खेळाला दाव्याशी जोडला की चित्र पालटते. बुवा हातातून अंगारा काढतो, मंत्राने होम पेटवतो, लिंबातून रक्त काढतो आणि त्यानंतर म्हणतो, “तुझ्या घरात करणी आहे.” पहिल्या तीन गोष्टी गारुड्याच्याच घरातल्या. त्यांच्या बळावर चौथी, न दाखवलेली गोष्ट खरी मानली जाते. गारुडी थाळी फिरवतो ती करमणुकीबद्दल. बुवाच्या थाळीत भीतीचे पैसे पडतात.

१९८९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने चमत्कारांचे सादरीकरण हे प्रबोधनाचे साधन केले. कार्यकर्ते तेच खेळ करून दाखवतात आणि लगेच उकलतात. होमात पोटॅशियम परमँगनेट असते आणि ‘तूप’ म्हणून ग्लिसरीन ओतले जाते. सुरीला आधी जास्वंदीचे फूल चोळलेले असते, म्हणून लिंबाचा आंबट रस लाल होतो. इथे प्रत्येक खेळानंतर जाणूनबुजून थांबले जाते. जादूगार सांधा झाकतो, कार्यकर्ता तो उघडा करतो. ही वाट जुनी आहे. इंग्लंडमध्ये १५८४ साली रेजिनाल्ड स्कॉटने चेटकीण ठरवलेल्यांच्या छळाविरुद्ध ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यातही हातचलाखीचे खेळ उकलून दाखवले होते.

२० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे आणि त्यांचा प्रसार करून लोकांना फसवणे, ठकवणे, दहशत बसवणे यांचा समावेश आहे. कायद्याचा रोख चमत्कार आणि फसवणूक यांच्यातल्या सांध्यावर आहे.

इतर कायद्यांनी मात्र गारुड्याला असा विवेक दाखवलेला नाही. १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो १९५२ मध्ये पुसला गेला. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करणे या निमित्ताने सार्वजनिक जागी दान घेणे हीसुद्धा भीकच ठरते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे टोपलीतला साप गेला. सापाच्या दृष्टीने ते योग्यच झाले, पण ज्याच्या हातातून साप काढून घेतला त्याच्या हाती दुसरे काही दिले गेले नाही.

लोटा, वाट्या, दोरी आज दुकानात मिळतात. त्यांची उकल मोबाइलवर फुकट पाहता येते. कोय पुरल्यापासून फळ लागेपर्यंत दोनशे माणसे उन्हात उभी कशी ठेवायची, थाळी नेमकी कधी फिरवायची, कुठल्या हशाच्या आड पुढचा खेळ सुरू करायचा, हे ज्ञान मात्र उस्तादाकडून जमुऱ्याकडे, भर रस्त्यात, वर्षानुवर्षे जात आले आहे. जमुरा आता शाळेत जातो आणि त्याने तिथेच जावे. त्याच्या बापाचे जोडकाम मात्र अजून कोणी नीट लिहून घेतलेले नाही. लोककलेच्या अभ्यासकांनी उस्ताद हयात आहेत तोवर हे काम हाती घ्यायला हवे.