चित्रांतलें रोप आणि कुंडींतलें रोप

लहान मुलांना कसें शिकवावें हें सांगण्याचा अधिकार आपणांस आहे, असें प्रत्येक सेवानिवृत्त शिक्षकास वाटत असतें. मीहि त्याला अपवाद नव्हतों. परंतु गेल्या वर्षीं माझ्या साडेपांच वर्षांच्या नातवानें माझा हा समज पुष्कळसा कमी केला. ज्या घरांत लहान मुलें आहेत व त्यांच्यासाठीं चित्रांचीं पुस्तकें येतात, तेथील वडील मंडळींस त्या प्रसंगाचा कांहीं उपयोग होईल, म्हणून तो सांगतों.

सूनबाईंनीं त्याच्यासाठीं बीं कसें रुजतें हें दाखविणारें एक पुस्तक आणलें होतें. चित्रें सुरेख होतीं. पहिल्या पानावर मातींत पडलेलें बीं. मग त्यांतून खालीं गेलेलें मूळ. मग मान वांकवून वर येणारा कोंब. आणि त्याच्या पुढच्या पानावर बियाचीं दोन जाड दळें डोक्यावर घेऊन मातीबाहेर उभें राहिलेलें रोप. पुस्तक वाचून होतांच मुलानें आजीकडून मूठभर हरभरे मागून आणले आणि आम्हीं दोघांनीं त्यांतले चार कुंडींत पेरले.

आठव्या दिवशीं हिरवे कोंब दिसूं लागले. मुलानें पुस्तक कुंडीशेजारीं उघडून धरलें व विचारलें, “आजोबा, ह्याचीं ती दोन जाड पानं कुठं आहेत?” मी वर्तमानपत्र वाचीत होतों. मान वर न करितां मीं उत्तर दिलें, “तुझें बीं किडकें असेल. पुस्तकांत आहे तेंच खरें.”

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो मातीनें भरलेला हात घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. चारहि रोपें त्यानें उपटलीं होतीं. हरभऱ्याचीं दोन्ही दळें प्रत्येकाच्या मुळाशीं जशींच्या तशीं चिकटलेलीं होतीं. “आजोबा, हीं बघा, खालींच राहिलीं. बीं किडकं नव्हतं.” मीं तीं रोपें पुन्हां कुंडींत लावून दिलीं, परंतु संध्याकाळपर्यंत तीं माना टाकून पडलीं. मुलगा रडला, आणि मग त्यानें तें पुस्तक कपाटामागें टाकून दिलें. “हें खोटं आहे,” एवढेंच तो म्हणाला. पुस्तकाविषयीं तो बोलला, माझ्याविषयीं बोलला नाहीं. पण मला जें समजायचें तें समजलें.

पुस्तक खोटें नव्हतें. बिया रुजण्याच्या दोन तऱ्हा आहेत. घेवडा, मूग, चवळी, चिंच, एरंड यांच्यांत कोंबाचा खालचा भाग लांबतो व बियाचीं दळें मातीबाहेर उचललीं जातात. हरभरा, वाटाणा, तूर यांच्यांत दळांच्या वरचा भाग लांबतो. म्हणून दळें मातींतच राहतात आणि फक्त कोंब वर येतो. आपण स्वयंपाकघरांत जिला डाळ म्हणतों, तेंच हें दळ. रोपाला स्वतःचीं पानें फुटेपर्यंत ही त्याची शिदोरी असते. कोणी ती डोक्यावर घेऊन निघतो, कोणी घरींच ठेवून निघतो, एवढाच भेद. पुस्तकांत घेवडा काढलेला होता आणि आम्हीं हरभरा पेरला होता.

न्यायशास्त्रांत लक्षणाचे जे दोष सांगितले आहेत, त्यांत अव्याप्ति हा एक आहे. ज्याचें लक्षण करावयाचें त्यांतल्याच कांहींना तें लागू न पडणें, ही अव्याप्ति. हा दोष मीं कित्येक विद्यार्थ्यांस गाईच्या रंगाचें उदाहरण देऊन शिकविला आहे. तोच दोष माझ्या अंगणांतल्या कुंडींत उगवला असतां मला ओळखतां आला नाहीं, आणि वर बियालाच किडकें ठरवून मी मोकळा झालों!

चित्रांच्या पुस्तकाची योग्यता मी कमी लेखीत नाहीं. कोमेनियस या शिक्षणवेत्त्यानें मुलांसाठीं चित्रमय पुस्तक १६५८ सालीं न्युरेंबर्ग येथें प्रसिद्ध केलें. शब्दाआधीं वस्तूची ओळख व्हावी, आणि प्रत्यक्ष वस्तु जेथें आणतां येत नाहीं तेथें तिचें चित्र असावें, असा त्याचा आग्रह होता. सिंह वर्गांत आणतां येत नाहीं. त्याचें चित्रच दाखविलें पाहिजे. पण मूग तर घरांतच असतो! म्हणून रोपांच्या बाबतींत चित्राचें काम निराळें आहे. मातीखालीं काय चाललें आहे तें चित्र दाखवितें. आठ दिवसांच्या अंतरानें घडणाऱ्या गोष्टी तें एका ओळींत मांडतें. आणि मूळ, कोंब, दळ हीं नांवें मुलाच्या तोंडीं बसवितें. एवढें काम दुसऱ्या कशानेंहि इतकें चांगलें होत नाहीं.

परंतु तीन गोष्टी चित्रास साधत नाहींत. पहिली काल. पान उलटण्यास क्षण लागतो, आणि बियास आठवडा. आतां तर रुजण्याचें सारें दृश्य पडद्यावर अर्ध्या मिनिटांत दाखवितां येतें. त्यामुळें वाट पाहणें हा धड्याचाच भाग आहे हें मुलास कळत नाहीं. दुसरी गोष्ट भेद. तो आमच्या हरभऱ्यानें शिकविला. तिसरी अपयश. पुस्तकांतलें प्रत्येक बीं रुजतें. कुंडींतलें प्रत्येक रुजत नाहीं. अमेरिकेंत रूथ क्राउस या लेखिकेचें ‘द कॅरट सीड’ हें पुस्तक १९४५ सालीं निघालें. त्यांतला लहान मुलगा गाजराचें बीं पेरतो. तें उगवणार नाहीं असें घरांतील सर्वजण त्याला सांगतात. तो मात्र रोज पाणी घालतो, तण काढतो, आणि शेवटीं गाजर उगवतें. तें पुस्तक वाचतांना, आपण कोणाच्या बाजूस उभे होतों हें मनांत येऊन मला ओशाळल्यासारखें झालें.

परदेशीं पुस्तकांसंबंधीं आणखी एक सावधगिरी ठेवावी. एरिक कार्ल यांच्या १९७० सालच्या ‘द टायनी सीड’ या पुस्तकांत शरदृतूच्या वाऱ्यावर उडालेलें बीं हिंवाळाभर बर्फाखालीं निजतें व वसंतांत जागें होतें. त्या देशांत तें खरें आहे. आपल्याकडे रानांतल्या बहुतेक बिया उन्हाळाभर कोरड्या मातींत पडून राहतात व मृगाच्या पावसानें जाग्या होतात. पुस्तक अवश्य वाचावें; मात्र तेथें बर्फ जें करितो तें येथें ऊन करितें, एवढें सांगून मग वाचावें.

वस्तु आधीं व व्याख्या मागाहून, ही रीत आपणांस परकी नाहीं. छांदोग्य उपनिषदांत उद्दालक आपल्या मुलास वडाचें फळ आणावयास सांगतो, तें फोडावयास लावतो, आंतलें बारीक बीं फोडावयास लावतो, काय दिसतें तें विचारतो, आणि मगच बोलतो. आपल्या काळांत गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. पुढें १९४५ मध्यें ताराबाईंनीं बोर्डी येथें खेड्यांतल्या मुलांसाठीं काम सुरू केलें. १९५७ मध्यें तें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें पानें, बिया, शंखशिंपले हींच शिक्षणाचीं साधनें झालीं. एकत्र कुटुंबांत तर हीं साधनें मागावयासहि लागत नाहींत. मटकी भिजवून फडक्यांत बांधण्याचें काम आजी करीतच असते; वालाच्या डाळिंब्या सोलतांना दोन दळें व त्यांमधला इवलासा अंकुर काकूंच्या बोटांखालून रोज जात असतो. मुलास तेथें पाटावर बसवावें, इतकेंच.

पुढें आमच्या घरीं जी रीत ठरली ती अशी. आधीं पेरावें, मग पुस्तक उघडावें. आणि कुंडींतलें रोप जेथवर आलें असेल तेथवरचेंच पान वाचावें. दोन तऱ्हांचीं बियाणीं शेजारीं शेजारीं पेरावीं, मूग आणि हरभरा. चार बियांऐवजीं दहा पेराव्या व त्यांतल्या कांहीं उकरून पाहण्यासाठींच राखाव्या, म्हणजे जिज्ञासेपायीं सगळीं रोपें मरत नाहींत. कांचेच्या पेल्यांत आंतून टीपकागद लावून, कांच व कागद यांमध्यें बीं ठेवावें आणि तळाशीं थोडें पाणी घालावें. मूळ कसें फुटतें तें उकरल्याविना दिसतें. बीं उलटें ठेवलें तरी मूळ वळून खालींच जातें, हें पाहून मोठ्यांनाहि नवल वाटतें.

दोन प्रश्न मुलें हटकून विचारतात. झाड माती खातें काय? हेल्मॉन्टनें पांच पौंडांचें विलोचें रोप दोनशें पौंड मातींत लावून पांच वर्षें केवळ पाणी घातलें. झाड १६९ पौंडांचें झालें. माती मात्र सुमारें दोन औंसच घटली. हा वृत्तांत १६४८ मध्यें प्रसिद्ध झाला. झाडाचा देह मुख्यतः पाणी व हवेंतला वायु यांचा घडतो, आणि त्यासाठीं उजेड लागतो. उजेड कशाला, हा दुसरा प्रश्न. त्याचें उत्तर देवघरांत आहे. घटस्थापनेस पेरलेलें धान्य अंधुक देवघरांत उंच पण पिवळसर वाढतें. त्याच दिवशीं त्यांतलेंच मूठभर खिडकींत पेरावें. दसऱ्यास दोन्ही तुरे मुलाच्या हातीं द्यावे. व्याख्यान देण्याचें कारण पडत नाहीं.

मीं मुलाची चूक कबूल करून क्षमा मागितली. म्हणजे माझी चूक, त्याच्यापाशीं. मग कपाटामागचें पुस्तक आम्हीं दोघांनीं काढून पुसलें. त्यानें स्वतःचें एक पुस्तक केलें; त्यांत मुगाचें पान आहे, हरभऱ्याचें आहे, आणि न रुजलेल्या तीन बियांचेंहि आहे. दोन्ही पुस्तकें आतां एकाच फळीवर असतात.

यंदा आंबे आले तेव्हां त्यानें विचारलें, “आजोबा, आंब्याचीं जाड पानं वर येतात कीं खालीं राहतात?” उत्तर मला ठाऊक होतें. मीं तें सांगितलें नाहीं. आम्हीं कोय धुऊन कुंडींत लावली.